जुन्या मोटरहोममध्ये व्होल्ट हरवतात कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पंचवीसेक वर्षं जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, तुमच्याकडे आली आहे. पाण्याचा पंप लागला की आतले दिवे मंद होतात. रात्री गॅस हीटरचा पंखा फिरतो, पण बर्नर पेटत नाही. दिवसभर गाडी चालवली तरी घराच्या बाजूची, म्हणजे आतले दिवे-पंप चालवणारी बॅटरी भरत नाही. बाहेरची वीज जोडली की मात्र सगळं व्यवस्थित चालतं. तुम्ही बॅटरी नवी घातली, फ्यूज बदलले, फरक पडला नाही. आता हीटरचं सर्किट बोर्ड बदलावं की सरळ लिथियम बॅटरी घ्यावी, असं विचारताय. आणि मध्येच एका ओळीत लिहिलंय, की बाहेरची वीज जोडलेली असताना ओल्या जमिनीवर उभं राहून दाराच्या मुठीला हात लावला तर बारीक झिणझिण्या येतात.

ती एक ओळ मी सगळ्यात वर घेतो. बाकीच्या तक्रारींनी फार तर थंडीत झोपावं लागेल. हिच्याने जीव जाऊ शकतो. हे वाचत असाल आणि गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली असेल, तर उठा आणि प्लग काढा. गाडीच्या धातूच्या अंगाला हात न लावता, पुरवठ्याच्या टोकाला स्विच बंद करून मगच काढा.

अशा झिणझिण्या येतात तेव्हा बहुधा दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात. गाडीतलं कुठलं तरी उपकरण धातूच्या सांगाड्यात थोडा करंट सोडतंय, आणि तो करंट परत नेणारी अर्थिंगची वायर कुठे तरी तुटलेली किंवा सैल आहे. अर्थिंग धड असती तर गळती तिच्यातून निघून गेली असती आणि तुम्हाला काही जाणवलं नसतं; गळती मोठी असती तर ब्रेकर पडला असता. टायर रबराचे, त्यामुळे सगळी गाडी जमिनीपासून तुटलेली. तुम्ही ओल्या जमिनीवर उभे राहून मूठ धरता तेव्हा तुटलेल्या अर्थिंगचं काम तुमचं शरीर करतं. आज बारीक वाटतंय म्हणजे उद्या बारीकच राहील असं नाही. काही चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी किरकोळ गळती होते आणि ती फारशी धोक्याची नसते. पण हाताला जाणवलेल्या झिणझिण्यांवरून ती तसली आहे की वॉटर हीटरचं फुटलेलं एलिमेंट आहे, हे कुणालाही सांगता येत नाही.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. प्लग काढलेला असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक गाडीच्या केबलच्या अर्थ पिनला आणि दुसरं रंग खरवडलेल्या चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला लावा. रीडिंग एक ओहमच्या आत हवं. जास्त आलं, किंवा केबल हलवल्यावर बदलत गेलं, तर केबल, तिची दोन्ही टोकं किंवा आतलं अर्थचं जोडकाम यांपैकी काही तरी गेलंय. जुन्या गाड्यांत बहुधा प्लगच्या आतला स्क्रूच सैल झालेला किंवा जळालेला सापडतो. मात्र अर्थिंग ठीक आली म्हणून सुटलो असं समजू नका. मग पुरवठ्याच्या सॉकेटची अर्थिंग संशयाखाली येते, आणि गळती कुठून होते हा प्रश्न उरतोच. त्यासाठी इन्सुलेशन तपासायचं वेगळं यंत्र लागतं, ते साधारण ५०० व्होल्ट देऊन मोजतं. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याला एवढं जरूर सांगा, की गाडी बाहेरच्या विजेवर असताना गाडीच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असता कामा नयेत; ते पुरवठ्याच्या मुळाशीच जोडलेले असतात. घरांच्या वायरिंगची सवय असलेले काही जण गाडीतही ते जोडून टाकतात. तुमच्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा आहे की १२० चा, वायरींचे रंग कुठले, नियम काय, हे देशागणिक बदलतं, म्हणून यापुढे मेन्सच्या, म्हणजे बाहेरच्या विजेच्या बाजूला मी हात घालत नाही. खाली जे काही सांगतोय ते सगळं १२ व्होल्टच्या बाजूचं आहे आणि प्लग काढून करायचं आहे.

आता मूळ दुखण्याकडे. झिणझिण्या सोडल्या तर तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात आणि प्रत्येकीसाठी वेगळा सुटा भाग शोधताय. मला त्या तीन वाटत नाहीत, एक किंवा फार तर दोन वाटतात. त्याचं कारण तुमच्याच वर्णनात आहे.

पंप लागला की दिवे मंद होतात. पंप आणि दिवे बहुधा वेगवेगळ्या फ्यूजवर असतात, त्यांच्या वायरी वेगळ्या जातात. तरीही एकाचा भार दुसऱ्याला जाणवतो, म्हणजे अडचण दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. सामाईक वाट कुठली? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल, मधला मुख्य ब्रेकर किंवा कट-ऑफ स्विच, तिथून फ्यूज पॅनेल. आणि परतीला पॅनेलच्या निगेटिव्ह पट्टीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. पंपाची मोटर बिघडून फार करंट खेचत असेल तरी दिवे मंद होतील, हे खरं. पण मग हीटरचं काय?

हीटर तर याच वाटेची साक्ष देतो. गॅस हीटर चालू केल्यावर आधी पंखा फिरतो. पंखा पुरेशा वेगाने फिरला की त्याच्या झोताने एक पातळ पट्टी ढकलली जाते आणि तिच्यामागचा छोटा स्विच लागतो. तो लागला तरच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडून ठिणगी पाडतं. व्होल्टेज साधारण साडेदहा-अकराच्या खाली गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण झोत कमी पडतो. स्विच लागत नाही. बोर्ड मुकाट्याने बसून राहतं. बोर्डाचा काही दोष नसतो. अशा अवस्थेत बोर्ड बदलणारे मी बरेच पाहिलेत. नवं बोर्डही तसंच मुकाट बसतं, आणि सुटा भाग एकदा उघडला की दुकानदार परत घेत नाही. बोर्ड आत्ता घेऊ नका. आणि तो झोताचा स्विच तार लावून कायमचा चालू करून ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. हवा वाहत नसताना गॅस पेटू नये म्हणूनच तो तिथे आहे.

तिसरी खूण अशी, की बाहेरची वीज जोडली की सगळं सुरळीत होतं. त्या वेळी कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेपासून १२ व्होल्टचा पुरवठा तयार करणारा डबा, काम करतो. तो बहुतेक गाड्यांत फ्यूज पॅनेलच्या शेजारीच असतो आणि पॅनेलला थेट १३.६ व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे त्या वेळी उपकरणांची वीज बॅटरीपासून पॅनेलपर्यंतच्या रस्त्याने यावीच लागत नाही. पंप ठीक, दिवे ठीक, हीटर ठीक. याचा अर्थ उपकरणं बरी आहेत. इथे एक पळवाट मात्र राहते: व्होल्टेजच मुळात दीड व्होल्टने वाढल्यामुळे पॅनेलच्या पुढे हरवणारे थोडे व्होल्टही झाकले जाऊ शकतात. म्हणून नुसत्या तर्कावर थांबायचं नाही, मोजायचं.

चौथी खूण, गाडी चालवूनही बॅटरी भरत नाही, ही याच दोषातून आलेली असू शकते किंवा स्वतंत्रही. तुमच्या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह चॅसीला कसा बांधलाय त्यावर ते ठरेल. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा करंट पॉझिटिव्ह वायरीने येतो आणि चॅसीमधून परत जातो. बॅटरी निगेटिव्ह ते चॅसी हा एकच सांधा गंजलेला असेल आणि पॅनेलचा निगेटिव्हही चॅसीलाच जोडलेला असेल, तर दिवे, हीटर आणि चार्जिंग या तिन्ही गोष्टी त्या एका नटबोल्टावर अडतात. माझा पहिला संशय तिथेच आहे. काही गाड्यांत मात्र पॅनेलचा निगेटिव्ह वेगळ्या वायरीने थेट बॅटरीला आलेला असतो. तुमची तशी असेल तर चार्जिंगचा दोष वेगळा धरा.

साधनं फार लागत नाहीत: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, मीटरचं टोक लांब करण्यासाठी गाडीच्या लांबीएवढी एक साधी वायर, आणि गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला टेस्ट लॅम्प. या बल्बला मी मीटरपेक्षा जास्त मानतो, आणि त्याला कारण आहे. डिजिटल मीटर मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतले सगळे धागे कुजून एकच तग धरून असला तरी मीटर १२.६ दाखवतो आणि तुम्ही म्हणता, इथे वीज आहे. त्याच जागी हा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि एका धाग्याच्या वायरीचं सोंग लगेच उघडं पडतं. भाराशिवाय घेतलेलं रीडिंग जुन्या गाडीत जवळपास निरुपयोगी असतं. तुम्ही लिहिलंय की पॅनेलवर १२.५ व्होल्ट आले. पण त्या वेळी काय काय चालू होतं, ते लिहिलेलं नाही. बहुतेक काहीच चालू नसावं.

आधी बॅटरी. चार्जर बंद, भार बंद, काही तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. तुमची बॅटरी नवी आहे, पण चार्जिंगच नीट होत नव्हतं हे लक्षात घेता ती बराच काळ अर्धवट भरलेली पडून असणार. लेड-ॲसिडला ते मानवत नाही. प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि क्षमता कायमची कमी होते. म्हणून ती पूर्ण चार्ज करून एकदा लोड टेस्ट, म्हणजे भार लावून तपासणी, करून घ्या. नवी आहे म्हणून चांगली आहे, हे गृहीत धरायचं नाही.

आता मुख्य मोजमाप. ते एकदा हातात बसलं की जुन्या गाडीच्या वायरिंगची भीतीच जाते. नेहमी आपण मीटरचं एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं निगेटिव्हला लावतो. इथे तसं करायचं नाही. एकाच वायरीच्या दोन टोकांना मीटर लावायचा. बाहेरची वीज काढलेली, हीटरचा पंखा चालू, दिवे सगळे चालू, कुणाला तरी नळ उघडून धरायला सांगा म्हणजे पंपही चालू राहील. साधारण पंधरा-वीस अँपिअरचा भार झाला. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर, लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) नव्हे, खुद्द शिशाच्या पोलवर, आणि दुसरं पॅनेलमध्ये जाड केबल येते त्या स्क्रूवर. जे आकडे दिसतील तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवतायत. वाट निर्दोष असेल तर ०.२-०.३ च्या आसपास राहील. केबल लांब असेल तर जरा जास्त, पण अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष आहेच.

हेच निगेटिव्ह बाजूला करा: बॅटरीचा निगेटिव्ह पोल ते पॅनेलची निगेटिव्ह पट्टी. लोक नव्वद टक्के वेळ पॉझिटिव्ह शोधण्यात घालवतात, कारण तिथे फ्यूज असतात, स्विच असतात, शोधण्यासारखं काही तरी असतं. निगेटिव्ह म्हणजे नुसती एक काळी वायर चॅसीला ठोकलेली, तिच्यात काय बिघडणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ती गाडीच्या पोटाखाली, चाकांनी उडवलेल्या चिखलपाण्यात, पोलादी पट्टीला तांब्याचा लग दाबून बांधलेली असते. दोन वेगळे धातू आणि त्यात खारट ओल. पंचवीस वर्षांत तिथे काय उरणार?

समजा निगेटिव्ह बाजूला १.१ व्होल्ट हरवतायत असं दिसलं. मग वाटेचे तुकडे पाडायचे. मीटरचं एक टोक पोलवर ठेवून दुसरं एकेक टप्पा पुढे न्यायचं: पोल ते लग, पोल ते केबलचं दुसरं टोक, पोल ते बोल्ट, पोल ते बोल्टशेजारची खरवडलेली चॅसी, आणि तिथून पुढे पॅनेलची वायर चॅसीला जिथे येते तिथपर्यंत. आकडा ज्या टप्प्यावर एकदम उडी मारेल तो सांधा तुमचा गुन्हेगार. भार सगळा वेळ चालू हवा, हे पुन्हा सांगतो. भार बंद झाला की सगळीकडे शून्य दिसेल. पॉझिटिव्ह बाजूलाही असेच टप्पे पाडता येतात. तिथे कट-ऑफ स्विचचे आतले जळके कॉन्टॅक्ट आणि बॅटरीजवळ चॅसीवर बसवलेला, आपोआप परत लागणारा छोटा ब्रेकर, हे दोन नेहमीचे संशयित. तो ब्रेकर तापून पडतो, थंड होऊन परत लागतो, आणि मालकाला वाटतं गाडीला भूतबाधा झाली.

सांधा सापडला की वरवर घासून परत आवळू नका. लग कापून टाका. केबलचं आवरण मागे सोलत जा. काळं-हिरवं तांबं संपून स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापत जा, कारण ओल आवरणाच्या आतून वर चढलेली असते. केबल आखूड पडली तर नवीच टाका, जाडी जुनीएवढी किंवा एक माप जास्त. नवा लग योग्य क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कड आणि हातोडी चालणार नाही. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. चॅसीवरचा रंग आणि गंज लगच्या आकाराएवढा घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि सगळ्यात शेवटी वरून ग्रीस किंवा रंग, ओल अडवण्यासाठी. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा; अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. पाना पॉझिटिव्हवरून चॅसीला टेकला तर १२ व्होल्टसुद्धा लोखंड वितळवतात.

जाता जाता, मागच्या दिव्यांकडेही एकदा बघा. इंडिकेटर दिला की त्याच लयीत टेल लॅम्प मंद लुकलुकत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागत असेल, तर तोही निगेटिव्हचाच दोष. दिव्याला आपल्या वाटेने परत जाता आलं नाही की करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. तुमच्या गाडीत तसं दिसलं तर बाकीच्या अर्थ जोडण्यांची अवस्था काय असेल याचा अंदाज येईल.

आता चार्जिंग. वरचा सांधा दुरुस्त करून झाल्यावरच इकडे या, कारण कदाचित गरजच पडणार नाही. इंजिन बंद असताना घराच्या बॅटरीवर व्होल्टेज घ्या, मग इंजिन सुरू करून दोन-चार मिनिटांनी पुन्हा घ्या. १३.५ च्या वर चढलं तर अल्टरनेटरचा करंट पोचतोय. जागचं हललं नाही, तर इंजिनची बॅटरी आणि घराची बॅटरी यांच्यामध्ये जो आयसोलेटर आहे तिकडे जा. तो दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे जाड दोन बोल्टांचा रिले. इंजिन चालू झालं की टक् असा आवाज करून दोन्ही बॅटऱ्या जोडतो. आवाज आला म्हणून तो चांगला आहे असं नाही, आतले कॉन्टॅक्ट जळालेले असतात. इंजिन चालू असताना त्याच्या दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावा. ०.२ च्या वर फरक असेल तर रिले बदला, आणि बदलताना सतत चालू राहण्यासाठी बनवलेलाच घ्या. स्टार्टरचा रिले दिसायला तसाच असतो, पण तो काही सेकंदांसाठी असतो; कायम चालू ठेवला तर जळतो. आवाजच आला नाही तर त्याच्या बारीक वायरीत इंजिन चालू असताना १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने बघा. बऱ्याचदा तिथला छोटा फ्यूज गेलेला असतो. दुसरा प्रकार डायोडचा, पंख्यासारख्या पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो निरोगी असतानाही सहा-सात दशांश व्होल्ट खातो. त्याची भरपाई अल्टरनेटरकडून होत नसेल तर घराची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिथे दोष नसून रचनाच तशी आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: चालत्या गाडीत फ्रिज कशावर ठेवता? गॅस, मेन्स आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा जुना फ्रिज १२ व्होल्टवर दहा ते पंधरा अँपिअर खातो, सतत. जुनी चार्जिंगची वायर बारीक असेल तर तिच्यातून येणारा जवळजवळ सगळा करंट फ्रिजच घेतो आणि बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. मग संध्याकाळी वाटतं की चार्जिंग होत नाही. फ्रिज बंद ठेवून एक दिवस गाडी चालवून पाहा. काही उघडावं लागत नाही, खर्च नाही.

आधीच्या मालकांबद्दल दोन शब्द. इतक्या जुन्या गाडीला तीन-चार मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने काही ना काही जोडलेलं असतं: टेप, टीव्ही, सोलर, जादा सॉकेट. रंगांवर विश्वास ठेवू नका. एका वायरीचा रंग फडताळाच्या मागे बदललेला असतो. वायर न कापता वर दाबून बसवायच्या निळ्या-लाल प्लास्टिकच्या चिमट्यांचे जोड दिसले की ते काढून टाका. ते दोन-चार धागे कापतात आणि ओल आत घेतात. बॅटरीच्या पोलवर थेट आलेली प्रत्येक बारीक वायर शोधा आणि तिला पोलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज आहे का बघा. नसेल तर त्याच दिवशी बसवा. फ्यूजचं माप वायरीच्या जाडीवरून ठरतं. फ्यूज वायर वाचवायला असतो, उपकरण वाचवायला नव्हे. वारंवार जातो म्हणून १५ च्या जागी ३० चा घातलेला फ्यूज दिसला, तर जुना दोष अजून आत आहे आणि आता आगीचा धोकाही आहे असं समजा. तुम्ही बदललेले फ्यूज जुन्याच मापाचे घातलेत की पॅनेलवर लिहिलेल्या मापाचे, हे एकदा पडताळा. आणि एका वहीत नकाशा काढायला लागा. पहिल्या दिवशी त्यात चार रेघा असतील, चालेल.

इथपर्यंतचा क्रम एकदा ओळीत सांगतो: प्लग काढा आणि झिणझिण्यांचा बंदोबस्त आधी; बॅटरी भरून तिची परीक्षा; भार चालू ठेवून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वाटांवर हरवलेले व्होल्ट; सांधा दुरुस्त; मग फ्रिज बंद ठेवून चार्जिंग; मग आयसोलेटर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर परत मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बरं कशाने झालं ते कधीच कळत नाही.

राहिला लिथियमचा प्रश्न. आत्ता घेऊ नका, आणि कारण पैसे वाचवणं एवढंच नाही. तुमच्या वयाच्या गाडीतला कन्व्हर्टर बहुधा जुन्या पद्धतीचा, एकच व्होल्टेज देणारा असेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पूर्ण भरायला साधारण १४.२ ते १४.६ लागतात. अल्टरनेटरकडून ती इतका करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापून जाऊ शकतो, म्हणून मध्ये तो करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. शून्य अंशाखाली तापमान गेलं की तिला चार्ज करता येत नाही. या सगळ्यावर उपाय आहेत, पैसे टाकून होतात.

माझी खरी हरकत वेगळी आहे. लिथियम बसवली तर तुमची गाडी बहुधा बरी झाल्यासारखी दिसेल. ती बॅटरी भाराखालीही तेराच्या आसपास राहते. सांध्यात दीड व्होल्ट हरवले तरी हीटरपर्यंत साडेअकरा पोचतील, पंखा वेगाने फिरेल, बर्नर पेटेल, आणि तुम्ही समाधानाने झोपाल. पण सांधा तसाच असेल. दीड व्होल्ट गुणिले पंधरा अँपिअर म्हणजे साडेबावीस वॅटची उष्णता, एका नखाएवढ्या गंजक्या जागेत, हीटर चालू असेल तितका वेळ. तो सांधा चॅसीवर उघड्यावर असला तर एक वेळ ठीक. प्लायवूडच्या भिंतीमागे, कट-ऑफ स्विचमध्ये असला तर? आज कमी व्होल्टेजमुळे हीटर पेटत नाही, म्हणून तुम्हाला दोष दिसतोय तरी. भाराखालची दोन्ही रीडिंग घ्या, पॉझिटिव्हचं वेगळं आणि निगेटिव्हचं वेगळं, आणि त्या वेळी काय काय चालू होतं त्यासकट इथे लिहा. सोबत बॅटरीच्या निगेटिव्हच्या दोन्ही टोकांचे फोटो टाका, म्हणजे पॅनेलची परतीची वाट चॅसीतून आहे की वेगळ्या वायरीने, हे बघून पुढचं सांगता येईल.